थ्रीडीच्या तासाची पानं

सोमवार, 5 ऑगस्ट 2024

श्रावणाचा पहिला दिवस आणि फौंडेशनच्या वर्गाला थ्रीडीचा, म्हणजे घनाकृतीचा, पहिला तास. निम्म्या वर्गाचा सोमवार, त्यामुळे अकरापासूनच सगळ्यांचं लक्ष डब्यातल्या साबुदाण्याकडे. पंचगंगेचं पाणी उतरलं, पण कोल्हापूरच्या हवेतली ओल काही उतरलेली नाही. वर्गाच्या भिंतीवर हात ठेवला तर हात ओला होतो.

पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. रद्दीचा गठ्ठा टेबलावर टाकते. एकेकाला एक पान. कात्री नाही, फेविकॉल नाही, टेप नाही. या पानाचं असं काही करा, की आत्ता ते जे आहे त्याहून जास्त काही होईल. वेळ एक तास.

ही युक्ती माझी नाही. योझेफ आल्बर्स जर्मनीत बाउहाउसमध्ये 1923 पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होता, ही त्याची. तो मूळचा प्राथमिक शाळेतला मास्तर. देशात पैशाला किंमत उरली नव्हती, साहित्य परवडत नव्हतं, आणि वर्तमानपत्र मात्र सगळ्यांकडे होतं. त्याचा विद्यार्थी हानेस बेकमान याने त्या तासाची आठवण लिहून ठेवली आहे. मुलांनी किल्ले, होड्या, प्राणी केले. आल्बर्स आला, बघितलं, आणि म्हणाला की हे सगळं दुसऱ्या कशाचं केलं असतं तर जास्त बरं झालं असतं. मग त्याने एका मुलाचं काम उचललं. त्या मुलाने पान उभं दुमडून पडद्यासारखं उभं केलं होतं, बस्स.

आमच्याकडे आज तसं कुणी केलं नाही. शिडाच्या होड्या, पाखरं, गुलाब, बाहीसकट एक सदरा. एकाने पान चुरगाळून गणपती केला. सोंड होती, त्यामुळे ओळखता आला. सावंतवाडीच्या मुलीने मात्र पानाच्या बारीक नळ्या वळल्या आणि त्यांची तिवई करायला बघत होती. ती कोसळत होती. ती पुन्हा उभी करत होती. तास संपला तरी तिला कळलं नाही.

मी होडीवाल्याला विचारलं, "ही होडी पत्र्याची केली असती तर बरी झाली असती की वाईट?"

"बरी झाली असती की मॅडम. पाण्यात टिकली असती."

"मग कागदाची का केलीस?"

"कागद दिलासा म्हणून."

उत्तर प्रामाणिक आहे. त्याच्यावर आता दिवाळीपर्यंत काम करायचं.

बुधवार, 7 ऑगस्ट

साध्या ए-फोरवर 80 जीएसएम लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागद 80 ग्रॅमचा. चौरस मीटरमधून असे सोळा कागद निघतात, म्हणजे एका कागदाचं वजन पाच ग्रॅम. हे गणित फळ्यावर केलं आणि सांगितलं, दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा, त्यावर हा पाच ग्रॅमचा कागद पुलासारखा टाका आणि त्यावर कंपासपेटी ठेवून दाखवा.

सपाट कागद आपल्याच वजनाने लवतो. एक डोंगर घडी, एक दरी घडी अशा बारीक घड्या घातल्या की तोच कागद कंपासपेटी पेलतो. वरून पाण्याची बाटली ठेवली की घड्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि पूल पुन्हा सपाट. म्हणजे कागद मोडलाच नाही, पसरला. मग पसरू द्यायचं नाही, एवढंच काम उरतं. एकाने दोन्ही टोकांना पुस्तकं टेकवली. एकीने घड्यांवरून वर-खाली एकेक पट्टी टाकली आणि स्वतःच ओरडली, "अगंबाई, हा तर कुरिअरचा खोका!"

खोकाच तो. पुठ्ठ्याच्या दोन पातळ कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, तो शोभेसाठी नसतो. छपराच्या पत्र्याला पन्हळी असतात त्याही त्यासाठीच. ताकद जाडीत नाही, घडीच्या उंचीत आहे. हे वाक्य मी बोलणार होते, पण मागच्या बाकावरून गडहिंग्लजचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घडी उंच केली की जास्त उभारतंय बघा." माझं वाक्य वाचलं.

शुक्रवार, 9 ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 सालचं. आज केशवरावांची जयंती. आमच्यातले दोघं तिथे नेपथ्याला मदत करायला जायचे. आज थ्रीडीचा तास नव्हताच, पण असता तरी झाला नसता.

सोमवार, 12 ऑगस्ट

कागदाला दिशा असते, हे मुलांना सांगून पटत नाही. दाखवावं लागतं. एकाच कागदातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापायच्या, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकत्र टोकाला धरायच्या. एक ताठ राहते, दुसरी मान टाकते. गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक जाळीच्या दिशेने लागतात. त्या दिशेला समांतर घडी सहज आणि स्वच्छ पडते, आडवी घातली की कडेला भेगा दिसतात. आयव्हरी कार्डवर तर लगेच. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात म्हणून तिथे हा त्रास फारसा नाही. पण हातकागद घ्यायला फौंडेशनच्या मुलांकडे पैसे कुठले.

आणि पावसाळ्यात तर हे कळायलाच हवं. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. मग कागद एकाच बाजूने गुंडाळला जातो. शनिवारी सरळ कापून ठेवलेली कार्डशीट आज सगळी वळली होती आणि मुलं दुकानदाराला शिव्या देत होती. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला मी एकदा धाग्याची दिशा विचारली होती. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कागदाची जात विचारतेय.

निपाणीच्या मुलीला मात्र हे ठाऊक होतं. तिच्या वडिलांचं बाइंडिंगचं दुकान आहे. पुस्तकाच्या कण्याला धागा समांतर नसला तर पान नीट उलटत नाही, उघडं ठेवलं की आपोआप मिटतं, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. "पप्पा कागद कानाजवळ घेऊन वाकवतात," म्हणाली. मग तिने करून दाखवलं. डोळे मिटून, कागद दोन्ही दिशांनी अलगद वाकवायचा, जिकडे कमी प्रतिकार तिकडे धागा. पुढचा अर्धा तास सगळा वर्ग डोळे मिटून कागद वाकवत बसला होता. शिपाईमामा दारात आले, बघितलं, काही न बोलता गेले.

बुधवार, 14 ऑगस्ट

खाच मारण्याचा सराव. कटरने अर्धवट चिरायचं की संपलेल्या बॉलपेनने दाबायचं, यावर मी बॉलपेनच्या बाजूची. चिरलेली घडी टोकदार दिसते, पण तिसऱ्यांदा उघडझाप केली की तुटते. बॉलपेन कागदाला जखम करत नाही. मुलांना जखम झालीच, दोघांना बँडेज. स्टीलची पट्टी धरताना अंगठा कडेच्या बाहेर ठेवू नका, हे ओरडून सांगावं लागतं, आणि ते मी दर वर्षी ओरडतेच.

बुधवार, 21 ऑगस्ट

काम होतं पांढऱ्या कार्ट्रिज कागदातून मुखवटा करण्याचं. रंग नाही, पेन्सिल नाही, फक्त घडी आणि काप. नाक पुढे यायला हवं, डोळा आत जायला हवा, गाल वळायला हवा.

एक मुखवटा आला, चांगला दुमडलेला. पण नाकाच्या डाव्या बाजूला मुलाने फोर-बी पेन्सिलने छान मऊ छायांकन केलेलं. मी विचारलं, हे काय?

"सावली, मॅडम."

"सावली पडत नाहीये का?"

त्याने बघितलं. पडतच होती, पण ट्यूबलाइट वरून सगळीकडून सारखी येते, त्यामुळे जेमतेम दिसत होती. आणि नाकाच्या डाव्या बाजूला सावली असायला हवी, असं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला इतकी वर्षं शिकवलेलं. ए-ग्रेड मिळवलेला मुलगा आहे. घन वस्तू दाखवायची म्हणजे सावली काढायची, हे त्याच्या हातात इतकं बसलंय, की हातातली वस्तू खरोखर घन आहे हे त्याच्या डोळ्यांनी मान्यच केलेलं नाही.

मग खिडक्या लावल्या, ट्यूब बंद केल्या आणि टेबलावरचा एकच दिवा बाजूला ठेवला. सगळे मुखवटे ओळीने भिंतीला. दिवा डावीकडून उजवीकडे सरकवत नेला. नाकं हलली, गाल भरले, पोकळ झाले. पेन्सिलवाल्याच्या मुखवट्यावर दोन सावल्या झाल्या, एक हलणारी आणि एक चिकटलेली. वर्ग हसला. तोही हसला, मग खोडरबर घेऊन बसला. खोडल्यावर कागदाचा पृष्ठभाग उसवला, आणि ती बाजू दिव्यात अजूनही वेगळी दिसते.

टूडीचा पाया नको असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे मुलगा दहावीपर्यंत फक्त समोरून बघायला शिकतो. वस्तूला पाठ असते, तळ असतो, हे पहिल्यांदा कागदाने कळतं, कारण कागदाला मागून धरावंच लागतं.

बुधवार, 28 ऑगस्ट

आजचं थोडं सविस्तर लिहायला हवं.

सगळ्यांना प्लॅस्टिकचा एकेक चेंडू दिला. म्हटलं, हा कार्डशीटमध्ये गुंडाळा, कुठेही सुरकुती नको. एक तास झटापट. कागद चेंडूभोवती नळकांडं होतो, कोन होतो, गोल काही होत नाही. कुठेतरी चुणी पडतेच. मुलं मला म्हणतात, जाड कागद आहे म्हणून. पातळ पतंगी कागद दिला. त्याला जास्तच चुण्या.

मग मी गाउसचं प्रकरण काढलं. कार्ल फ्रीडरिश गाउसने 1827 मध्ये सिद्ध केलं, की पृष्ठभाग ताणला किंवा फाडला नाही, नुसता वाकवला, तर त्याची एक मूळ वक्रता कधीच बदलत नाही. सपाट कागदाची ती शून्य. नळकांड्याचीही शून्य, शंकूचीही शून्य. म्हणून कागद तिथवर जातो. चेंडूची शून्य नाही, म्हणून तिथे जात नाही. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर चुकल्याशिवाय काढता येत नाही, त्यामागेही हेच. मी हे सांगत होते आणि वर्गाच्या डोळ्यांत ती विशिष्ट झापड दिसत होती, जी गणित या शब्दाने कलाशाखेच्या मुलांना येते.

इचलकरंजीची एक मुलगी बोटाने बाकावर काहीतरी गिरवत होती. म्हणाली, "मॅडम, टक्स घालायला पाहिजेत."

"काय?"

"ब्लाउजला घालतो तसे. कापड सपाटच असतंय की. आई टक्स मारते, मग छातीला बसतंय."

तिला फळ्याजवळ बोलावलं. तिने ब्लाउजचा पुढचा भाग काढला, मुलग्यांनी थोडं खाकरून घेतलं, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. टक्स म्हणजे त्रिकोणी चिमूट. तेवढं कापड घडीत घ्यायचं, शिवायचं, टोकाशी आपोआप फुगवटा येतो. टक्स मोठा, तर फुगवटा मोठा. कंबरेकडून एक, काखेकडून एक, कधी मधून एक. आणि कटोरी ब्लाउज असेल तर टक्सऐवजी वेगळा तुकडाच वक्र शिवणीने जोडायचा. हे सांगताना ती एकदाही अडखळली नाही. तिच्या आईला गाउस माहीत असण्याचं कारण नाही, पण कापडातून कुठून किती काढलं म्हणजे कुठे किती वर येतं, हे तिला इंचात माहीत आहे.

मग सगळा तास तिच्याच मार्गाने गेला. गोल कागदातून एक फाक काढून कडा जोडल्या की शंकू. बऱ्याच बारीक फाका काढल्या की वाटी, आणि जितक्या जास्त तितकी ती गोलाकडे झुकते. घागऱ्याच्या कळ्या, छत्रीचे तुकडे, सगळे त्याच घराण्यातले. आता उलटं करा, मी म्हटलं. फाक काढायच्याऐवजी कापून आणखी एक फाक आत घाला. जागा कमी आणि कागद जास्त, त्यामुळे कागद वर-खाली लाटा घेतो. घोड्याच्या खोगिरासारखा आकार. सावंतवाडीवाली म्हणाली, ही झालर. झालरच.

घरकाम दिलं: एकाच मापाच्या पाच चकत्या, प्रत्येकीत वेगळ्या जागी, वेगळ्या मापाचा टक्स. चित्र नको, नाव नको.

सोमवार, 2 सप्टेंबर

वर्ग अर्धा रिकामा. शनिवारी गणपती. मुलं मंडळांच्या सजावटीच्या ऑर्डर घेतात. वर्षाची फी यातून निघते, त्यामुळे हजेरीवरून मी कुणाला बोलत नाही. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा आणि कागदाला भाव आला आहे. पण बहुतेक मखरं अजून थर्माकोलच्या डोक्यानेच केली जातात. म्हणजे जाड पुठ्ठ्यातून नक्षी कोरायची, थरावर थर चिकटवायचे. तार तापवून थर्माकोल कापायची सवय झालेल्या हाताला कागदातही थरच दिसतात.

एकाने मोबाइलवर त्याच्या मंडळाचा गाभारा दाखवला. कमान पाच पदरी पुठ्ठ्याची, प्रचंड जड, मागून बांबूंनी टेकवलेली. मी विचारलं, बांबू काढले तर? तो म्हणाला, "काढायचे कशाला?" वाद घालण्यासारखा मुद्दा नव्हता. सात तारखेला मिरवणूक आहे, त्याला बांबू हवेत.

बुधवार, 18 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी काल होती, पण इथली विसर्जन मिरवणूक आज सकाळीही चालू होती. वर्गात मोजकीच डोकी, त्यांतल्या दोघांचे आवाज बसलेले. अशा दिवशी मी वक्र घड्या काढते. कमी मुलं असली की हे बरं होतं, कारण प्रत्येकाच्या हाताजवळ बसावं लागतं.

कर्कटकाने एकात एक वर्तुळं काढायची, सारख्या अंतरावर. पेन्सिलऐवजी सुईने हलकी खाच. एक वर्तुळ पुढून, पुढचं मागून, पुन्हा एक पुढून. मधलं छोटं वर्तुळ कापून टाकायचं. मग कडेपासून सुरुवात करून प्रत्येक वर्तुळावर हळूहळू चिमटत जायचं, एक डोंगर, एक दरी. कंटाळवाणं काम आहे. पहिली दोन वर्तुळं दुमडेपर्यंत काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्यानंतर कागद हातात वळायला लागतो. कुणी वळवत नाही. पूर्ण झालं की कागद सपाट राहायलाच तयार नसतो, दोन टोकं वर, दोन टोकं खाली, पुन्हा तेच खोगीर.

आल्बर्सच्या वर्गातल्या अशा कामांचे फोटो 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातले आहेत. मी ते मोबाइलवर दाखवले, पण आधी नाही, नंतर.

का वळतं, हे कळायला आपल्या झालरीकडे जायचं. घड्या घातल्या की मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर आखडतं. कडेची लांबी मात्र तेवढीच राहते. आता त्या छोट्या झालेल्या वर्तुळाला एवढी लांब कड पुरवायची कुठे? म्हणून ती वर-खाली जाते. फाक आत घातली तेव्हा कागद वाढला होता, इथे जागा कमी झाली. परिणाम एकच.

शाहूपुरीच्या कुंभारवाड्यातला एक मुलगा आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मूर्तींचं काम. गेले तीन महिने रात्री रंगवण्यात गेले, बोटांच्या कडांना अजून पिवळा रंग. त्याने खोगीर हातात घेऊन बराच वेळ दाबून बघितलं. "मॅडम, मातीत दाबलं की दबतंय. हे इकडं दाबलं की तिकडनं वर येतंय."

मी पंचवीस मिनिटं जे समजावलं असतं, ते त्याने एका वाक्यात संपवलं. घनाकृतीत एका जागी केलेलं काम सगळीकडे पोचतं. मातीत हे लपतं, कारण माती जिथे दाबाल तिथेच ऐकते. माझ्या मते म्हणूनच मातीआधी कागद हवा. आमच्याकडे उलटा क्रम आहे आणि तो बदलायला कुणी तयार नाही.

सोमवार, 23 सप्टेंबर

मिउरा घडी. जपानी अंतराळ अभियंता कोर्यो मिउरा याने 1970 मध्ये मांडलेली. समांतरभुज चौकोनांची जाळी, उभ्या रेषा सरळ नाहीत, किंचित नागमोडी. पूर्ण मिटते आणि एका कोपऱ्याला धरून ओढलं की एकदम पूर्ण उघडते. 1995 मध्ये जपानने सोडलेल्या अवकाशयानात सौरपट्ट्याच्या प्रयोगाला ही घडी वापरली. मुलांना यानापेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडली: लांबीत ओढलं तर रुंदीतही वाढतं. रबर ओढलं की बारीक होतं, हे उलट. वर्गभर सटासट उघडझाप. मागच्या बाकावर दोघं ती अकॉर्डियनसारखी वाजवत होते.

कोन चुकवला की मिटत नाही, एवढं सगळ्यांना कळलं. मोजमाप या विषयावर मी जुलैत दिलेलं व्याख्यान वाया गेलं होतं, ते आज आपोआप वसूल झालं.

सोमवार, 30 सप्टेंबर

एकाने वक्र घड्यांचं सुंदर काम सोनेरी स्प्रेने रंगवून आणलं. "पितळेसारखं दिसतंय ना?" दिसत होतं. मांडणीत ठेवलं तर पाहुणे आधी तेच उचलतील. रंगाच्या ओलीने दोन घड्या बसल्या होत्या आणि चकाकीमुळे कुठली कड पुढे, कुठली मागे हे कळेनासं झालं होतं. तेच काम पांढऱ्यात पुन्हा कर, दोन्ही शेजारी ठेवू, म्हटलं. तो नाराज. पितळेचं सोंग घेतलेला कागद मला चालत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण त्याच्या घरी भाड्याच्या सजावटीचा धंदा आहे आणि तिथे सोनेरीलाच गिऱ्हाईक आहे, हेही मला माहीत आहे.

संध्याकाळी रूथ असावाबद्दल वाचत होते. अमेरिकेतल्या जपानी कुटुंबातली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कुटुंबाला छावणीत डांबलं होतं. युद्धानंतर ब्लॅक माउंटन कॉलेजात ती आल्बर्सच्या हाताखाली शिकली, बाउहाउस 1933 मध्ये बंद झाल्यावर तो तिकडेच गेला होता. 1947 मध्ये मेक्सिकोतल्या तोलुका इथे गावकऱ्यांकडून तारेच्या टोपल्या विणायला शिकली आणि त्याच टाक्यातून तिची छताला टांगलेली पारदर्शक शिल्पं झाली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळांमध्ये मुलांना घड्या शिकवत राहिली. उद्या इचलकरंजीवालीला तिचे फोटो दाखवायचे. टोपलीवाल्यांकडून शिकून कुणी लहान होत नाही, हे तिला दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकू दे. माझ्याकडून ऐकलं तर तिला वाटेल, मी समजूत घालतेय.

सोमवार, 14 ऑक्टोबर

शेवटचं काम असं दिलंय: एकच फुल साइज कार्ट्रिज, डिंक नाही, फूटभर उंच उभं राहिलं पाहिजे, आणि मिटून पोर्टफोलिओ बॅगेत गेलं पाहिजे. शेवटची अट कलेपेक्षा एसटीसाठी आहे. मागे एकीचं काम राधानगरीच्या गाडीत कुणाच्या तरी दुधाच्या कॅनखाली गेलं होतं. पण अट घातल्यावर लक्षात आलं, की तीच सगळ्यांत उपयोगाची आहे. मिटवता यायला हवं म्हटलं की प्रत्येक घडीला काहीतरी काम द्यावंच लागतं. उगाच घातलेली घडी मिटताना आडवी येते.

"मॅडम, बांबू लावला तर?" मखरवाल्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, चेष्टा करतोय. काम त्याने बिनबांबूचंच केलंय.

बुधवार, 23 ऑक्टोबर

मूल्यमापन. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ, पण प्रत्येक कामापुढे थांबून एकच प्रश्न: "यात विषय काय?" मुलं माझ्याकडे बघत. इचलकरंजीवालीचं काम टक्स आणि वक्र शिवणींचं, एका कागदातून फुगत वर गेलेलं. दिव्याची बाजू बदलली की आतली पोकळी बाहेर आल्यासारखी दिसते. परीक्षकांनी विचारलं, हे फूल आहे का? ती म्हणाली, "नाही सर." मग काय? "हे कागदाचं आहे." त्यांना ते उद्धट वाटलं असावं. गुण मध्यम पडले. एक हंस होता, मोबाइलवर बघून केलेला, चोचीसकट. त्याला जास्त पडले.

आमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं, कामाला नाव दिलं असतं तर बरं झालं असतं. असेल. "उमलणं" असं लिहिलं असतं तर आठ गुण वाढले असते, याबद्दल मलाही शंका नाही. तरी पुढच्या वर्षीही पहिल्या सत्रात नाव लिहायला मी बंदीच घालणार. नाव मिळालं की मुलं हात थांबवतात. परीक्षेपुरतं तोंडाने काय सांगायचं, ते वेगळं शिकवीन.

मुखवट्यावर सावली काढणाऱ्या मुलाचं काम मला सगळ्यांत आवडलं. समोरून साधंच, तीन घड्या. त्याने ते पाठमोरं ठेवलं होतं, कारण पाठ जास्त चांगली झाली होती.

शुक्रवार, 25 ऑक्टोबर

सोमवारी वसुबारस, उद्यापासून सुट्टी. सगळी कामं मिटवून दोन खोक्यांत बसली, ही त्या अटीची कमाई. पुढच्या वर्षासाठीच्या मागणीपत्रकात लिहिलं: 170 जीएसएम कार्ट्रिज, टेबलावरचे सहा दिवे, दारं असलेलं एक लोखंडी कपाट, आणि वेळापत्रकात थ्रीडीचे तास मातीकामाच्या आधी. कार्यालयातून लगेच उत्तर आलं की कपाटाला निधी नाही. तासांबद्दल काही उत्तर नाही, म्हणजे तोही अर्ज मला स्वतःच घेऊन जावा लागणार.